खांड पडलेल्या खारीत तिवरं उगवली, आता शेती की कांदळवन?

प्रश्न थोडक्यात असा: अलिबाग-पेणच्या खारेपाटात वडिलोपार्जित अडीच एकर खार, म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली भातजमीन आहे. सहा-सात वर्षांपूर्वी उधाणात, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत, बांधाला खांड (भगदाड) गेली, ती कोणी बांधली नाही. आता शेतात कमरेएवढी तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उभी आहेत. काका म्हणतात बांध घालू आणि पुन्हा भात लावू. वनखात्याचा माणूस म्हणतो, झाडाला हात लावाल तर गुन्हा दाखल होईल. एक दलाल मातीमोल भावाने जमीन मागतो आहे. आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलाला, जो पुण्यात नोकरी करतो, वेगळीच शंका आहे: समुद्र वाढतोच आहे तर या बांधावर पैसा घालण्यात अर्थ आहे का?

खारभूमीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून आधी माझं मत सांगतो आणि मग कारणं. समुद्र वाढतो आहे हे खरं आहे. पण मी पाहिलेल्या बहुतेक खारी समुद्र वाढल्यामुळे गेलेल्या नाहीत. बांधाची राखण करायची पाळी कोणाची, हे ठरलेलं नव्हतं म्हणून त्या गेल्या. पाणी वाढेल तशी ही पाळी जास्त कडक लागणार. तेव्हा काकांना पहिला प्रश्न विचारा तो हा: बांध घातल्यावर दर आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, त्याच्यावरून फिरणार कोण?

खार ही जमीन मुळात कोणी दिलेली नाही, ती खाडीकडून घेतलेली आहे. भरतीचं पाणी जिथपर्यंत येतं त्या खाजणाला मातीचा बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, घालायचा, आत साठणारं पावसाचं पाणी बाहेर सोडायला उघाडी ठेवायची, आणि पावसाने मीठ धुवून घेत आत भात काढायचा, अशी ही सगळी रचना. उघाडीचं लाकडी दार बाहेरच्या बाजूला उघडतं. ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं, भरती आली की खाडीचं पाणीच दाबून ते बंद करतं. ना मोटर, ना डिझेल. पण दाराखाली एक ओंडका अडकला किंवा फळी कुजली, तर एका उधाणात वर्षभराची मेहनत खारट होते.

याची राखण फुकट कधीच होत नव्हती. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात शिलोत्री नावाची पद्धत होती. बाहेरकाठा धड ठेवायची जबाबदारी शिलोत्रदाराची, आणि त्याबद्दल खारीतल्या शेतकऱ्यांकडून बिघ्याच्या हिशोबाने ठरलेलं भात त्याच्या घरी जायचं. कुठे ही जबाबदारी खोताकडे होती, कुठे गावाकडे, आणि घरटी एक माणूस बांधावर मातीला जायचा. या व्यवस्थेचं कौतुक करताना जरा सांभाळून करावं लागतं. त्याच खोतांच्या मुजोरीविरुद्ध १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून जमिनी कसायचं बंद केलं, आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. पुढे कूळकायदा आला, खोती गेली, जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली. हे व्हायलाच हवं होतं. मात्र सातबारा ज्याच्या नावावर झाला, त्याच्या नावावर बांधाचा भाग काही चढला नाही. १९४८ चा खारजमीन कायदा आणि नंतर १९७९ चा खारभूमी विकास कायदा यांनी तो भार सरकारकडे नेला, तोही सरकारी यादीत असलेल्या योजनांपुरता. खासगी खारी अधांतरी राहिल्या. सरकारी खारीतही कागद फिरून मंजुरी येईपर्यंत खांड दहा हातांची पन्नास हात होते, कारण प्रत्येक भरती-ओहोटीला तिच्यातून पाणी आत-बाहेर करतं आणि तळ खरवडून नेतं.

खारेपाटात आणखीही एक गोष्ट झाली. मुंबईची नोकरी लागली, घरात कसणारा राहिला नाही. काही ठिकाणी प्रकल्प येणार म्हणून जमिनी गेल्या किंवा जातील अशी हवा झाली, आणि विकायच्याच जमिनीच्या बांधाला माती कोण घालतो? चिंबोऱ्यांनी (खेकड्यांनी) बिळं पाडली, उंदरांनी वाढवली, आणि एका श्रावणातल्या उधाणाने उरलेलं काम केलं. पंचनाम्यात लिहिलं गेलं ‘नैसर्गिक आपत्ती’.

आता हवामानाकडे येतो. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. त्याआधीच्या शतकभरातला वेग याच्या साधारण निम्मा किंवा त्याहून कमी होता. ३.३ मिलिमीटर ऐकून काका हसतील. तीस वर्षांचे दहा सेंटिमीटर झाले तरी, उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते त्या किनाऱ्यावर त्याचं काय, असं म्हणतील. बांधाच्या उंचीपुरतं त्यांचं म्हणणं बरोबरही आहे. दहा सेंटिमीटर म्हणजे मातीचा एक थर. खरी अडचण उघाडीची आहे. आतलं पाणी बाहेर जायला खाडीचं पाणी आतल्या पातळीच्या खाली असावं लागतं, आणि तेवढे काही तासच ओहोटीत मिळतात. बाहेरची पातळी चढली की ते तास कमी होतात. त्यातच खारीची जमीन बांधाच्या आत वर्षानुवर्षं दबत जाते, कारण खाडीचा गाळ तिच्यावर येत नाही, तर बांधाबाहेरच्या खाजणावर तो साठतच राहतो. कित्येक जुन्या खारींत आज आतलं शेत बाहेरच्या चिखलापेक्षा खाली आहे. अशा खारीत जुलैच्या एका दिवसात दोन-तीनशे मिलिमीटर पाऊस झाला आणि तो अमावस्येला आला, तर बांध शाबूत असूनही भात आठवडाभर पाण्याखाली राहतो.

दुसरा फरक पावसाच्या खंडाचा, आणि माझ्या मते भातासाठी तो समुद्राच्या पातळीपेक्षा आधी बोचणारा आहे. खारीत मीठ उन्हाळ्यात वर चढतं आणि जून-जुलैच्या पावसाने खाली व बाहेर जातं. म्हणून आपल्याकडे रहू टाकतात, म्हणजे मोड आलेलं बी चिखलात फोकतात, पण तेही मीठ उतरल्यावर. जून कोरडा गेला की रोप पिवळं पडतं. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस ऊन पडलं की मीठ पुन्हा वर येतं. सप्टेंबरच्या शेवटी, भात फुलोऱ्यात असताना खंड पडला तर दाणा भरत नाही. पिकाला दोनच वेळा मीठ फार सोसवत नाही, रोप असताना आणि फुलताना; नेमक्या त्याच वेळी पाऊस आता दगा देऊ लागला आहे.

वादळांचं सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गेलं. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार तर किनाऱ्याला लागलंही नाही, दूर समुद्रात होतं, तरी त्याच्या उधाणाने कोकणात भातकापणीच्या तोंडावर पाणी आत घातलं. अरबी समुद्र तापला आहे आणि चक्रीवादळं वाढली आहेत, हे आता हवामानशास्त्रज्ञ आकड्यांनी सांगतात.

मग तिवरांचं काय? मला विचाराल तर तुमच्या शेतातली तिवरं ही शत्रू नाहीत आणि उपटून टाकायचं तणही नाहीत. पण ‘निसर्गाने जागा परत घेतली’ असं टाळ्या वाजवून म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. महाराष्ट्रातलं कांदळवन भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात १८६ चौरस किलोमीटर होतं, २०१९ च्या अहवालात ३२०. यात संरक्षणाचं श्रेय आहे, मोजणी सुधारल्याचा भाग आहे, आणि रायगडात फुटलेल्या खारींचाही भाग आहे. शहरातल्या माणसाला नकाशावर दिसणारी हिरवी वाढ म्हणजे इथल्या कोणाचं तरी भाताचं शेत असतं. ते सोडून द्यायचं असेल तर निदान तसं म्हणून, त्याचा मोबदला आणि पर्याय बोलून सोडावं.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल. कांदळवन तोडणं, त्यावर भराव टाकणं, भोवतालच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करणं बंद, मग जमिनीची मालकी कोणाचीही असो. सार्वजनिक हिताच्या कामासाठी तोडायचं झालं तरी न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे ‘आधी रात्रीत जेसीबी लावून साफ करू, मग बघू’ हा सल्ला देणाऱ्याला घराबाहेर काढा. भरतीचं पाणी अडवून झाडं मुद्दाम मारणं हाही त्याच पंक्तीतला गुन्हा. आणि दलाल स्वस्तात का मागतो आहे तेही लक्षात घ्या. त्याला शेती करायची नाही आणि तिवरंही राखायची नाहीत.

तुमच्या जमिनीचं काय होऊ शकतं हे ठरवायला महागडं सर्वेक्षण नंतर करा. आधी एक पंचांग घ्या आणि दोन वेळा शेतावर जाऊन उभे राहा. कोळ्यांचा हिशोब तुम्हाला ठाऊक असेलच: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. पहिल्यांदा अष्टमी-नवमीला, भांगाची भरती असताना जा. भरतीचा जोर तेव्हा सगळ्यात कमी असतो. त्या भरतीलाही शेतात पाणी चढत असेल तर जमीन फार खाली गेली आहे. तिथे भात परत आणायचा म्हणजे भिंत बांधून आत कायमचा पंप चालवायचा, आणि तो खर्च अडीच एकरांच्या भाताला झेपणार नाही. दुसऱ्यांदा पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, उधाणाला जा. पाणी फक्त त्याच वेळी येत असेल, भांगात शेत कोरडं राहत असेल, तर जमिनीत अजून जीव आहे.

मग शेजार बघा. खार एकट्याची नसते. तुमच्या अडीच एकरांभोवती वेगळा बांध घालणं म्हणजे पैसा चिखलात घालणं. त्याच बाहेरकाठ्याच्या आतले निम्म्याहून जास्त लोक अजून कसत असतील किंवा कसायला तयार असतील, तरच पुढचं बोलावं. मुंबईत राहणारे वाटेकरी फोनवर ‘हो, करा’ म्हणतात, ते मोजू नका. आगोटीला येतील किंवा रोजाचे पैसे पाठवतील तेवढेच मोजा.

या दोन कसोट्यांवर तुमच्या वर्णनाप्रमाणे मला वाटतं की बाहेरचा भाग, जिथे तिवरं दाट आहेत, तो गेला असं धरावं. तो सोडावा, आणि जिथे झाडं नाहीत व उधाणालाच पाणी येतं तिथे आतल्या बाजूला नवा काठा घालता येतो का ते बघावं. खारभूमी खात्याकडे असा प्रस्ताव नेता येतो. किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागेल, वेळ जाईल, पण झाड न तोडता केलेली मागणी असेल तर बोलणं निदान सुरू होतं. माघार घेतली म्हणून काकांना वाईट वाटेल. त्यांना दाखवा की समोर तिवरांचा पट्टा असलेला बांध उघड्या बांधापेक्षा कितीतरी टिकतो: लाट झाडांत मोडते, गाळ मुळांत बसतो, बांधाच्या पायथ्याची माती जात नाही. तिवरं बांधाच्या बाहेर हवीत, अंगावर नकोत. अंगावरच्या झाडाचं मूळ कुजलं की तिथूनच पाझर सुरू होतो.

बांधायची वेळ आली तर काही गोष्टी कंत्राटदारावर सोडू नका. खांड भांगातच बुजवायची, षष्ठी-सप्तमीला काम काढून दशमीच्या आत तोंड मिटवायचं; उधाणात टाकलेली माती खाडीला दान. माती चिकण हवी. मुरूम दिसायला भक्कम, पण पाणी गाळतो. आणि बांधाच्या पायथ्यालगत खड्डा खणून तीच माती वर टाकायची ही सोय फार ठिकाणी केली जाते. पुढल्या वर्षी बांध त्याच खड्ड्यात सरकतो. माती लांबून आणा, वाहतुकीचे पैसे अंदाजपत्रकात आधीच लिहून घ्या. उघाडी नवी बसवत असाल तर तळ ठरवताना आजची ओहोटी मोजून थांबू नका, पाणी बाहेर जायला पुढे कमी तास मिळणार हे धरून तिची रुंदी वाढवा.

समुद्राचं पाणी थांबल्यावर जमीन गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे जातात. माती परीक्षण एप्रिल-मेमध्ये एकदा आणि जुलैमध्ये एकदा करा. अहवालात क्षारता बघताना विचारून घ्या की मोजणी मातीत अडीचपट पाणी घालून केली आहे की संपृक्त अर्कात, म्हणजे माती पुरती भिजेल एवढंच पाणी घालून काढलेल्या अर्कात. पहिल्या पद्धतीचा आकडा बराच कमी दिसतो आणि लोक फसतात. संपृक्त अर्कात ३ डेसीसायमनच्या पुढे साध्या भाताचं उत्पन्न उतरायला लागतं. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २, ३ या जाती त्याहून जास्त सोसतात, आणि कोणाकडे जुना राता (खारीतलं देशी भात) शिल्लक असेल तर मूठभर बी मागून घ्या. जिप्समच्या गोण्या आधीच आणू नका. पाणी आत-बाहेर करायची सोय नसताना जिप्सम टाकणं म्हणजे दुकानदाराची सोय.

सोडलेल्या भागातून काहीच मिळणार नाही असंही नाही. कोळंबी, बोय, जिताडा यांची पिल्लं अशाच उथळ, मुळांच्या पाण्यात वाढतात. अलिबाग तालुक्यातल्या शहापूरकडच्या घरांना जिताड्याची तळी नवीन नाहीत. खाडीतून पिल्लू आणायचं, भाताच्या पाण्यावर वाढवायचं, पाहुण्याला कालवण करायचं, हे पिढ्यांचं आहे. (जिताडा जन्मतः नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे मोठे जिताडेच ओढून काढले की खाडीतली वीण तुटते. हे गळवाल्यांना सांगून बघा, शिव्या खाल.) राज्याची कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना २०१७ पासून आहे. गटाला ९० टक्के आणि एकट्या लाभार्थ्याला ७५ टक्के अनुदान, खेकडापालन, कालवं, पिंजऱ्यातला जिताडा, पर्यटन अशा कामांना. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गटाने कांदळवनाची होडीसफर चालवून दाखवली आहे. पण खेकड्याच्या शेतीची जाहिरात ऐकून उडी मारू नका. पिल्लं कुठून आणणार, खाद्य काय, चोरी कोण राखणार, हे आधी ठरवा. खेकडे एकमेकांना खातात ही तर शेवटची अडचण आहे.

इथेच आणखी एका माणसाचा विचार करा, ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही. सहा-सात वर्षं तुमच्या फुटलेल्या खारीत बायका ओहोटीला निवट्या, चिंबोऱ्या, कालवं वेचत असतील. नवा काठा त्यांच्या वाटेवर येणार असेल तर त्यांना न विचारता घालू नका. खारेपाटात बांध रात्री फोडल्याचे किस्से उगीच नाहीत. बांध कोणासाठी शेत राखतो तर कोणाची मासळी अडवतो. गोव्याच्या खाजणांत यावर एक उत्तर होतं: मानशीतल्या (तिथल्या उघाडीतल्या) मासळीचा लिलाव व्हायचा आणि त्या पैशांतून बांधाची डागडुजी. भात आणि मासळी दोघांचाही जीव त्याच बांधात. पुढे लिलाव घेणाऱ्यांनी जास्त मासळीच्या हावेने खारं पाणी शेतात जास्त वेळ ठेवायला सुरुवात केली आणि तिथेही भांडणं लागली. तरी मूळ कल्पना मला आजही पटते. तुमच्या उघाडीवरची मासळी कोणाची आणि तिच्या पैशातला किती हिस्सा बांधाला, हे कागदावर आणता आलं तर राखणदार पोसता येतो.

तेव्हा या वर्षीचं काम असं धरा. पावसाआधी सातबारा, फेरफार आणि खार सरकारी यादीतली की खासगी, हे खारभूमी कार्यालयातून लेखी काढा. भांग आणि उधाण दोन्ही बघून, पाणी कुठवर आलं तिथे खुंट ठोका, मोबाइलवर तारीख-वेळेसह फोटो ठेवा. तिवरांची हद्दही त्याच नकाशावर आखा, म्हणजे उद्या वाद झाला तर झाडं किती आणि कुठे होती हे तुमच्याकडे असेल. मग बाहेरकाठ्याच्या आतल्या सगळ्या खातेदारांची बैठक, शिमग्याला किंवा गणपतीत, कारण तेव्हाच सगळे गावात असतात. त्या बैठकीत नवा काठा, त्याचा खर्च, वेचणाऱ्या बायकांची वाट आणि आगोटीची पाळी यांवर सह्या झाल्या तर खात्याकडे अर्ज करा. सह्या झाल्या नाहीत तर बांधाचा विषय त्या वर्षापुरता बाजूला ठेवा, उपजीविका योजनेच्या गटात नाव घाला, आणि दलालाला नाही म्हणून सांगा.